दलदलीतील सरपण

मराठी भाषेत चिखलाला शब्दांची वाण नाही. राड, रेंदा, गाळ, पंक, दलदल, खाजण असे एकाहून एक ओले शब्द आपल्यापाशी आहेत, आणि शेतकऱ्याला विचारले तर तो आणखी चार सांगेल. परंतु जो चिखल कुदळीने विटांसारखा कापावयाचा, वाऱ्यावर वाळवावयाचा आणि हिवाळ्यात चुलीत घालावयाचा, त्याला मराठीत स्वतःचा शब्द नाही. शाळेच्या भूगोलात त्याला ‘पीट’ म्हणून इंग्रजी नावानेच हाक मारतात. हे नाव कानावर पडले की पहिल्याने दळणाचे पीठच डोळ्यांपुढे येते, एवढे ते आपल्या जिभेला परके आहे. यात भाषेची उणीव मानण्याचे कारण नाही. वस्तू जवळ असली म्हणजे शब्द जन्मतो. आपल्या पठारावर ती वस्तूच नव्हती.

पीट म्हणजे अर्धवट कुजलेली वनस्पती होय. झाड मेले, गवत वाळले की जमिनीतील जीवजंतू हवेच्या साहाय्याने त्याचा फडशा पाडतात. पानांची माती होते आणि त्यातील कार्बन वायुरूपाने परत आकाशात जातो. जेथे पाणी वर्षभर साचून राहते तेथे मात्र हा व्यवहार अडतो. पाण्याखाली हवा पोचत नाही, जंतूंचे काम मंदावते. त्यात थंड प्रदेशांतील दलदलींवर स्फॅग्नम नावाचे शेवाळ वाढते. ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते आणि भोवतीचे पाणी आम्लधर्मी करून टाकते. अशा ठिकाणी मेलेले पान मरूनही संपत नाही. ते खाली दबते, त्यावर पुढील वर्षाचे पान पडते, आणि तपकिरी, लिबलिबीत असा थर वाढत जातो. ही वाढ वर्षाला सुमारे एक मिलिमीटर असते, म्हणजे पुरुषभर उंचीचा थर साचावयास दीड-दोन हजार वर्षे लागतात. ओल्या पीटमध्ये दहा भागांतील जवळजवळ नऊ भाग पाणीच असते. तो वाळवला की हलका होतो आणि जळतो. चांगल्या दगडी कोळशाच्या साधारण निम्म्याने उष्णता देतो आणि धूर पुष्कळ करतो.

यावरून हे केवळ थंडीचेच काम आहे असे मात्र समजू नये. इंडोनेशियाच्या किनाऱ्यावरील अरण्यांत व आफ्रिकेतील कांगो नदीच्या खोऱ्यात पीटचे अफाट साठे आहेत. कांगोतील साठ्याचे मोजमाप तर २०१७ साली प्रसिद्ध झाले. तेथे थंडीचे नाव नाही, परंतु पाऊस बाराही महिने आहे. खरी अट बारमाही ओलाव्याची आहे, आणि दख्खनचे पठार ती पाळू शकत नाही. आपला पाऊस चार महिने येऊन जातो. उरलेल्या आठ महिन्यांत काळी जमीन भेगाळते, त्या भेगांतून हवा आत शिरते आणि पावसाळ्याने जे काही साठवले असेल ते उन्हाळ्यात खर्ची पडते. ज्याच्या घरी शिल्लक पडतच नाही त्याने तिजोरीसाठी शब्द कशाला शोधावा?

तरीही हिंदुस्थान पीटला अगदी पारखा नाही. निलगिरीच्या माथ्यावर, उटकमंडच्या भोवतालच्या खोलगट पठारांत, त्याचे थर आहेत, आणि गेल्याच्या मागील शतकात तेथे जाऊन राहिलेल्या गोऱ्या लोकांनी ते खणून शेकोटीसाठी वापरलेही. याच थरांतून आर. सुकुमार, आर. रमेश व त्यांच्या सहकाऱ्यांनी मान्सूनचा इतिहास वाचून काढला, आणि १९९३ साली तो ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गवताळ रानातील वनस्पती आणि ओल्या अरण्यातील वनस्पती यांच्या कार्बनमध्ये सूक्ष्म भेद असतो. कोणत्या खोलीवर कोणता कार्बन अधिक आहे हे मोजले म्हणजे त्या काळी पाऊस उदार होता की कृपण, हे कळते. सुमारे अठरा-वीस हजार वर्षांपूर्वी निलगिरीवर पाऊस तुटपुंजा होता, आणि पुढे अकरा हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास तो भरभरून पडत होता, असे त्या चिखलाने सांगितले. बखरकारांनी तारखांचे घोळ घातले आहेत; हा बखरकार त्या मानाने बराच विश्वासू आहे.

केरळातील आलप्पुझा व कोट्टयम भागांत ‘करी’ नावाची काळी जमीन आहे, तिच्या पोटात जुन्या अरण्याचे ओंडके अजून सापडतात. कलकत्त्यास १८३५ ते १८४० या काळात फोर्ट विल्यमच्या आवारात पाण्यासाठी खोल छिद्र पाडले, तेव्हा गाळाच्या खाली पीटचा थर लागला. पुढे सियालदाजवळ तलाव खणताना सुंदरीच्या झाडांचे बुंधे उभेच्या उभे आढळले. सुंदरी हे समुद्राच्या भरती-ओहोटीत वाढणारे झाड. ते इतक्या खोल कसे गेले, याचे उत्तर जमीन खचली हेच होते.

आणि अशीच एक गोष्ट आपल्या मुंबईत घडली आहे, तिचा विसर पडावा हे आश्चर्यच. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असता, १८७८ च्या सुमारास, निळसर चिकण गाळाखाली मजुरांच्या कुदळी लाकडावर आपटू लागल्या. एकंदर ३८२ झाडे उघडी पडली. त्यांपैकी २२३ झाडे आपल्या मुळांवर उभी होती, बाकीची आडवी पडली होती. झाडे खैराची होती. खैर काही समुद्रात उगवत नाही. तो कोरड्या टेकडीचा रहिवासी. म्हणजे जेथे पुढे जहाजे नांगर टाकणार होती तेथे कोणे एके काळी कोकणच्या डोंगरउतारावर दिसते तसे खैराचे रान होते, आणि जमीन खाली गेल्यामुळे समुद्राने ते पोटात घेतले. बंदराचे एंजिनियर ऑर्मिस्टन यांनी या बुडालेल्या रानाची हकीकत भूगर्भखात्याच्या नियतकालिकात दिली. या रानाला पीट म्हणता येणार नाही हे खरे, परंतु ज्या नियमाने पीट टिकतो त्याच नियमाने तो खैर टिकला. गाळाने हवेची वाट बंद केली, आणि हवा नाही तेथे कुजणे नाही.

येथवर वाचून कोणास वाटेल की महाराष्ट्राचा व त्याच्या पूर्वेकडील मुलुखाचा पीटशी संबंध एवढाच, निसटता. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. या मुलुखात पीट आज नाही, परंतु एके काळी तो इतका होता की त्याच्यावर आपण आजही जगतो आहोत. चंद्रपूर, वणी, उमरेडपासून थेट कोरब्यापर्यंत जमिनीखाली जो दगडी कोळसा आहे तो पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीचा पीट आहे. त्या काळी ही भूमी दक्षिण गोलार्धात, आजच्यापेक्षा पुष्कळ थंड हवेत, एका महाखंडाचा भाग होऊन पडली होती. हिमनद्या नुकत्याच मागे हटल्या होत्या. ओरिसातील तालचेर येथे हिमनद्यांनी लोटत आणलेल्या गोट्यांचा थर ब्लँफर्ड बंधूंनी १८५६ साली ओळखला, तेव्हा हिंदुस्थानच्या उन्हात बर्फाची खूण सापडावी यावर पुष्कळांचा विश्वास बसेना. बर्फ वितळून उरलेल्या सखल दलदलींत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या, जिभेच्या आकाराच्या पानांच्या झाडांची अरण्ये माजली. त्यांची पाने पाण्यात पडली, पीट झाली, वाळू व गाळ यांच्या ओझ्याखाली दबली, तापली, आणि त्यांचा कोळसा झाला. या थरांना भूशास्त्रज्ञांनी ‘गोंडवन’ हे नाव दिले. पुढे ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड स्यूस याने त्या लुप्त महाखंडालाच गोंडवनभूमी म्हटले. आज दक्षिण अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतचे विद्यार्थी ते नाव घोकतात, आणि ते मुळात चांद्याच्या व गढामंडल्याच्या गोंड राजांचे आहे, हे त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असते.

आनंदवनामुळे जे वरोरा सर्वांस परिचित आहे, तेथे सरकारने १८७१ साली कोळशाची खाण सुरू केली. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वेचा फाटा आला तो याच कोळशासाठी. या खोऱ्यातील कोळशाची खोड अशी की हवा लागताच तो आतल्या आत तापतो आणि आपोआप पेट घेतो. खाणीला आगींनी सतावले, वरची जमीन खचू लागली, आणि १९०६ साली ती बंद झाली. कोट्यवधी वर्षे हवेपासून दूर राहिलेल्या पाल्यापाचोळ्याला हवा भेटली की काय होते, याचा हा दाखला ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुढे तो कामी येईल.

भिलाईची गोष्ट याहून मोठी. सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. लोखंडाचा दगड दल्ली-राजहऱ्याचा, आणि तो वितळविणारा कोक आरंभी मुख्यतः झरियाच्या कोळशाचा होता. कोरब्याचा कोळसा घराजवळचा असला तरी त्याचा कोक होत नाही. त्याने वीज करावी, लोखंड नव्हे. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी घरे आहेत. बिंबाजी भोसले रतनपुरास राहून या प्रांताचा कारभार पाहत असत, आणि १९५६ पर्यंत दुर्गची राजधानी नागपूरच होती. पोलादाच्या कारखान्याने त्यांत नवी भर घातली. भिलाईच्या हुडको वसाहतीतून रात्री आकाशाकडे पाहिले असता भट्ट्यांच्या दिशेला जी तांबूस आभा दिसते, ती गोंडवनातील पानांची आहे असे म्हटले तर ते काव्य नव्हे, रसायनशास्त्र आहे.

आता पीट चुलीत कसा आला ते पाहू. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने जर्मनीच्या समुद्रकाठच्या चौकी नावाच्या लोकांचे वर्णन केले आहे. हे लोक हातांनी चिखल उपसतात, उन्हापेक्षा वाऱ्यावरच तो अधिक वाळवितात आणि त्यावर अन्न शिजवून थंडीने गारठलेली शरीरे शेकतात, असे तो कीव केल्याच्या स्वरात सांगतो. रोमन साम्राज्याला अजून शरण न गेलेल्या या लोकांनी असल्या जिण्यापेक्षा साम्राज्य का पत्करू नये, असा त्याचा सूर दिसतो. जाळावयास झाडे नसली म्हणजे माणूस माती जाळतो, ही गोष्ट रानांनी वेढलेल्या रोमला कशी उमगावी?

पीटवर राष्ट्र उभारले ते डच लोकांनी. सतराव्या शतकात हॉलंडच्या विटांच्या भट्ट्या, मद्याच्या भट्ट्या, मीठ आटविण्याच्या कढया, रंगाऱ्यांची कामे आणि घरोघरच्या शेगड्या पीटवर चालत. तो होडीतून कालव्यांनी थेट दारापर्यंत येई, म्हणून स्वस्त पडे. परंतु जमीन खणून जाळली की मागे खड्डा उरतो, आणि समुद्रपातळीशी बरोबरी करणाऱ्या त्या देशात खड्ड्याचे तळे व्हावयास वेळ लागत नाही. पोट भरण्यासाठी डचांनी आपली भूमी जाळली आणि मग ती परत मिळविण्यासाठी पवनचक्क्या लावून पाणी उपसले. या व्यवहारात नफा किती नि तोटा किती, याचा हिशेब इतिहासकार अजून करीत आहेत.

याच पीटच्या होडीने त्यांना एक शहर मिळवून दिले. स्पेनविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध चालू असता ब्रेडा हे ठाणे शत्रूच्या हाती होते. किल्ल्यातील शिबंदीला हिवाळ्यात इंधन लागे, आणि ते पुरविणाऱ्या ओळखीच्या नावाड्याची होडी पहारेकरी फारशी तपासत नसत. १५९० च्या फेब्रुवारीअखेर पीटच्या विटांच्या राशीखाली सुमारे सत्तर शिपाई लपवून ती होडी निघाली. वारा प्रतिकूल, पाण्यावर बर्फ, आणि होडीत गळती. एका शिपायास खोकल्याची उबळ आवरेना, तेव्हा आपल्यामुळे सर्वांचा घात होऊ नये म्हणून त्याने सोबत्यांना आपला जीव घेण्यास विनविले, आणि नावाड्याने पाणी उपसण्याच्या पंपाचा खडखडाट करून तो आवाज झाकला, अशी आख्यायिका आहे. होडी आत गेली. शिबंदीच्या माणसांनीच ती बर्फातून ओढून घेतली आणि पीट उतरविण्यास आरंभ केला. नावाड्याने थकल्याचे निमित्त करून उरलेला माल दुसऱ्या दिवसावर टाकला. रात्री शिपाई बाहेर पडले. ४ मार्चला ब्रेडा डचांचे झाले. कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी १६७३ साली पन्हाळा घेतला, तो प्रसंग आपल्याकडे पोरासोरांना पाठ आहे. हॉलंडातील मुलांना ही पीटची होडी तशीच पाठ असते.

इंग्लंडात याहून विलक्षण प्रकार घडला. नॉरफक परगण्यात ‘ब्रॉड्स’ नावाची उथळ तळी आहेत. ती निसर्गाचीच कृती, अशी शतकानुशतके समजूत होती. १९५२ च्या सुमारास जॉइस लँबर्ट नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी तळ्यांच्या तळांत जवळजवळ छिद्रे घेऊन पाहिले, तो तळ सपाट आणि कडा उभ्या, भिंतीसारख्या! निसर्ग काटकोनात काम करीत नाही. मग मठांचे जुने हिशेब चाळण्यात आले, आणि नॉर्विचच्या मठात वर्षाकाठी लाखो पीटविटा जळत असल्याची नोंद मिळाली. मध्ययुगात लोकांनी पिढ्यान् पिढ्या खणलेल्या खाणी पुढे समुद्राची पातळी चढल्याने पाण्याखाली गेल्या आणि खणणाऱ्यांची नावेही त्यांत बुडाली. आज तेथे लोक हौसेने नौकाविहार करतात.

यांत आपल्याला बोध होण्याजोगे असे काही आहे काय, असे विचारले तर मी आपल्या गोवऱ्यांकडे बोट दाखवीन. १८८९ साली हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यास आलेल्या व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाने १८९३ च्या आपल्या अहवालात एक गोष्ट आग्रहाने मांडली. हिंदी शेतकरी शेण जाळतो ते अज्ञानाने नव्हे. सरपण नाही म्हणून जाळतो. त्याला गावाजवळ सरपणाची व चाऱ्याची राने राखून द्या, म्हणजे शेण आपोआप शेतात जाईल. छत्तीसगडात गोवरीला ‘छेना’ म्हणतात, आणि हिवाळ्यात मातीच्या ‘गोरसी’त छेन्याचा विस्तव ठेवून म्हातारी माणसे तिच्याभोवती बसतात. आयर्लंडातील पीटच्या शेकोटीभोवती बसणारी म्हातारी आणि ही म्हातारी यांच्यात फरक कातडीच्या रंगाचा व हवेच्या पाऱ्याचा. दोघीही जे मातीचे देणे होते ते विस्तवाला देतात, कारण दुसरा मार्ग नसतो. ज्यांच्या घरी गॅस आहे त्यांनी या दोघींना शहाणपण शिकवू नये.

कथावाङ्मयाने पीटकडे मात्र इंधन म्हणून क्वचितच पाहिले. त्याला दलदलीतून भीती हवी होती. ही भीती आपल्यालाही अपरिचित नाही. हितोपदेशातील म्हातारा वाघ सोन्याचे कडे दाखवून वाटसरूला तळ्यात स्नानास उतरवितो, आणि तो चिखलात रुतला की सावकाश येऊन त्याला खातो. महाभारतात ऐन वेळी कर्णाच्या रथाचे चाक धरणीने गिळले. आपल्या कथांत जमीन गिळते ती बहुधा लोभासाठी किंवा शापासाठी, म्हणजे नीतीच्या कारणास्तव. इंग्रजी कादंबरीत ती नुसतीच गिळते. मूरलँडचे धुके, पायाखाली हलणारी हिरवी लव, आणि एक किंकाळी.

एमिली ब्राँटे हिने ‘वदरिंग हाइट्स’मध्ये १८४७ साली पीटचा एक वेगळाच गुण नोंदविला आहे: त्या ओलाव्यात पुरलेली प्रेते नासत नाहीत असा समज तिने कथानिवेदकाच्या तोंडी घातला आहे. पीटचा स्वभाव तिने लहानपणीच पाहिला होता. २ सप्टेंबर १८२४ रोजी हॅवर्थजवळच्या माळावर पावसाने फुगलेली दलदल फुटून काळ्या चिखलाचा लोंढा दरीतून वाहत गेला, आणि तिच्या वडिलांनी त्यावर चर्चमध्ये प्रवचन केले. प्रेतांविषयीचा तो समज खरा असल्याचे पुढे सिद्ध झाले. डेन्मार्कमध्ये १९५० च्या मे महिन्यात चुलीसाठी पीट कापणाऱ्या माणसांना चिखलात एका मनुष्याचा चेहरा दिसला. दाढीचे खुंट, मिटलेल्या पापण्या, कपाळावरच्या सुरकुत्या, सर्व जागच्या जागी. नुकताच खून झाला असावा म्हणून पोलिसांना बोलाविले. तो माणूस दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मेला होता. त्याच्या गळ्यात कातड्याचा फास होता, आणि अखेरचे जेवण जवसादी बियांची पेज होती हेही पोट तपासल्यावर कळले. टोलंडचा माणूस म्हणून तो प्रसिद्ध आहे. सरपण शोधावयास गेले नसते तर तो कधीच सापडला नसता.

दलदलीची लोकप्रिय कथा म्हणजे अर्थातच कॉनन डॉइल यांची ‘बास्करव्हिल’च्या शिकारी कुत्र्याची. १९०१-०२ साली ती ‘स्ट्रँड’ मासिकातून क्रमशः आली, आणि होम्सच्या अनेक मराठी वाचकांना डार्टमूर हे नाव भूगोलाच्या पुस्तकाआधी तिच्यातूनच कळले. त्यातील ग्रिंपेनची दलदल घोड्याचे शिंगरू गिळते, आणि अखेरीस खलनायकही तिच्यातच नाहीसा झाला असे आपण समजावयाचे. डॉइल स्वतः १९०१ साली डार्टमूरवर प्रिन्सटाउन येथे राहून आले होते. या प्रिन्सटाउनचा तुरुंग कथेत भीतीची एक बाजू धरून उभा आहे. तेथूनच पळालेला कैदी माळावर लपलेला असतो. गमतीची गोष्ट अशी की, नेपोलियनच्या युद्धातील कैद्यांसाठी बांधलेला हा तुरुंग रिकामा पडला असता १८४० नंतरच्या दशकात एका कंपनीने तेथे पीटपासून नॅफ्था काढण्याचा कारखाना घातला होता. तो धंदा चालला नाही. १८५० साली इमारत पुन्हा कैद्यांकडे गेली, आणि पन्नास वर्षांनी कादंबरीकाराला हवी तशी मिळाली.

माणूस दलदलीत खरोखर गडप होतो काय? विज्ञान म्हणते, सहसा नाही. माणसाचे शरीर पाण्याएवढेच जड असते, आणि चिखल पाण्याहून हलका नसतो. म्हणून माणूस कमरेपर्यंत, फार तर छातीपर्यंत रुततो आणि तेथे अडकतो. जीव जातो तो थंडीने, थकव्याने, किंवा धडपडीत तोंड चिखलात गेल्याने. शेवाळाच्या गालिच्याखाली खोल पाण्याचा डोह असला तर बुडून मरणेही शक्य आहे, परंतु ते बुडणे होय, गिळले जाणे नव्हे. डॉइल डॉक्टर होते. त्यांच्या कथेत होम्स स्वतः वाट सोडून एक बूट उचलावयास पाऊल टाकतो तेव्हा तो रुततो तो कमरेपर्यंतच, आणि सोबती त्याला ओढून काढतात. खलनायकाचा अंत मात्र कोणी पाहिलेला नाही. ब्लॅकमोर यांच्या ‘लॉर्ना डून’मध्ये, १८६९ साली, दुष्ट कार्व्हर डून निवेदकाच्या डोळ्यांदेखत काळ्या चिखलात खाली खाली जातो. डॉइल यांची युक्ती मला अधिक प्रामाणिक वाटते.

रशियन लेखकांनी ही दलदल इंग्रजांपेक्षा जवळून पाहिली, कारण त्यांच्या देशाला तिची गरज होती. १९२० च्या विद्युतीकरणाच्या योजनेत पीटवर चालणाऱ्या वीजकेंद्रांना मोठे स्थान होते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पीट सुटा करण्याची रीत रॉबर्ट क्लासन या एंजिनियराने काढली, आणि मॉस्कोजवळ शातुरा येथील मोठे केंद्र १९२५ साली सुरू झाले. भिलाईला ज्या देशाने भट्टी उभारून दिली, त्याच्या राजधानीतील दिवे एके काळी बऱ्याच अंशी चिखलावर जळत होते. मिखाईल प्रिश्विन यांनी १९४५ साली लिहिलेल्या बालकथेचे नावच ‘सूर्याचे भांडार’ असे आहे, आणि ते भांडार म्हणजे पीटची दलदल. शतकानुशतके पडलेले ऊन पानांच्या रूपाने तेथे साठले आहे, ही तिच्यामागील कल्पना. आईबापाविना वाढणारी बहीणभावंडे रानफळे वेचावयास जातात, भाऊ हट्टाने आडवाटेला वळतो आणि दलदलीत रुततो. त्याला वाचवितो तो एक कुत्रा. डॉइलच्या दलदलीत कुत्रा काळ होऊन येतो. येथे तो तारणहार होतो. दोन्ही कथा एकामागून एक वाचाव्यात, अशी माझी शिफारस आहे.

आणि मग सोल्झेनित्सिन. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘मात्र्योनाचे घर’ या कथेतील वस्ती पीट काढण्यासाठीच वसलेली आहे. भोवती सर्वत्र पीट. तो कारखान्यांसाठी व अधिकाऱ्यांसाठी. गावातील बायकांच्या चुलींसाठी मात्र तो मिळत नाही. म्हणून बायका पाचसहा जणींचा घोळका करून जातात, ओल्या विटा पोत्यात भरतात, पाठीवर लादून आणतात आणि घरी लपवून वाळवितात. एका पोत्यात एक दिवसाची शेगडी भागते. कथेत दलदल कोणाला गिळत नाही, किंकाळी नाही, धुके नाही. केवळ एक वाकलेली पाठ आहे. पीटविषयी एवढे खरे दुसऱ्या कोणी लिहिले असेल असे मला वाटत नाही. झरिया वा कोरब्याच्या रस्त्यावर सायकलीला कोळशाची पोती बांधून, ती सायकल हाताने ढकलीत नेणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही कथा समजावून सांगावी लागणार नाही. कोळशाच्या डोंगराशेजारीच चूल विझलेली असते, हे आपल्याही देशाने पाहिले आहे.

वरोऱ्याची खाण आता आठवावी. पीट पाण्याखाली आहे तोवर निरुपद्रवी असतो. चर खणून पाणी काढले की हवा आत शिरते, आणि मग जाळा अथवा न जाळा, तो कुजू लागतो. एकदा पेटला तर जमिनीच्या आत महिनोन् महिने धुमसतो. १९७२ साली आणि पुन्हा २०१० साली मॉस्कोवर पसरलेल्या धुरात पूर्वी पाणी काढून घेतलेल्या पीटभूमीच्या आगींचा वाटा मोठा होता. इंडोनेशियात भातशेतीसाठी व ताडतेलाच्या मळ्यांसाठी दलदली कोरड्या केल्या, आणि १९९७ च्या आगींचा धूर शेजारच्या देशांपर्यंत पोचला. पृथ्वीच्या भूभागापैकी जेमतेम तीन टक्के जागा पीटने व्यापली आहे, परंतु सर्व अरण्यांतील झाडांत मिळून जेवढा कार्बन आहे त्याहून अधिक तेथे साठला आहे.

आयर्लंडने १९४६ साली पीटसाठी ‘बॉर्ड ना मोना’ हे सरकारी मंडळ स्थापिले. तेथे ना कोळसा मुबलक ना लाकूड. युद्धकाळात बाहेरचे इंधन तुटले तेव्हा देशाने आपल्या दलदलींकडे वळून पाहिले होते. मंडळाने यंत्रे आणली, रूळ टाकले, आणि हजारो कुटुंबे त्यावर पोसली. केवळ पीटवर चालणारी शेवटची दोन वीजकेंद्रे २०२० च्या डिसेंबरात बंद पडली. मंडळाने २०२१ च्या जानेवारीत पीट काढणे कायमचे थांबविल्याचे जाहीर केले, आणि एडेन्डेरी येथील केंद्रात पीट जाळणेही २०२३ च्या अखेरीस संपले. खेड्यापाड्यांतील लोक आपल्या वाट्याच्या पट्ट्यात अजून घरच्यापुरता पीट कापतात. त्यावर निर्बंध आणण्याचा प्रश्न निघाला की तेथील राजकारणात वादळ उठते. बापजाद्यांपासूनची चूल सरकारने विझवू नये, असे त्यांचे म्हणणे. मंडळाच्या कामगारांकडे मात्र आता वेगळे काम आहे. ज्या चरांतून दलदलीचे पाणी काढले होते ते चर बुजवून पाणी पुन्हा वर आणावयाचे, आणि स्फॅग्नम परत लागते की काय ते पाहावयाचे.